‘बाबा, मी नाक दाबलं’

प्रश्न : सर, नमस्कार. तुमचं सदर माझी मुलगी शाळेत असल्यापासून वाचते, कात्रणं काढून वहीत चिकटवायची. आज तिच्याबद्दलच लिहितो आहे. आम्ही आमगाव तालुक्यातले. साडेपाच एकर धानाची शेती होती. मुलीच्या शिक्षणासाठी दीड एकर विकली, उरलेल्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा आहे. बिरसी विमानतळाची शिकाऊ विमानं आमच्या घरावरून जातात. लहानपणी ती अंगणात उभी राहून ती मोजायची. बारावीनंतर परराज्यातल्या एका संस्थेत तिला वैमानिकीच्या शिक्षणाला घातलं. आता तिचं वय २०.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ती एकटीच विमान घेऊन धावपट्टीभोवती फेऱ्या मारत होती. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन आपल्याकडच्यासारखंच होतं. तिसऱ्या फेरीला उतरताना विमान तीन वेळा आपटलं, पुढचं चाक मोडलं आणि विमान नाकावर घसरत धावपट्टीच्या कडेला जाऊन थांबलं. देवाची कृपा, आग लागली नाही. पट्ट्यामुळे खांदा काळानिळा झाला, बाकी काही नाही. संस्थेच्या कागदात ‘बाउन्स’, ‘पॉरपॉइझ’, ‘नोज गिअर कोलॅप्स’ असे शब्द आहेत. वेग ६५ हवा होता, ७८ होता, असंही लिहिलं आहे. आम्हाला कोणी समजावून सांगत नाही. त्याच दिवशी तिची दारूची तपासणी केली. हे कळल्यावर तिची आई दोन दिवस जेवली नाही.

घरी आल्यापासून ती कामापुरतंच बोलते. तिचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, आईला तांदळाच्या कोठीत सापडलं, पार तळाशी. रोज पहाटे बायांबरोबर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, काढायला जाते. वरून विमान गेलं तरी मान उचलत नाही. एकदाच, धुऱ्यावर बसून न्याहारी करताना म्हणाली, ‘बाबा, मी नाक दाबलं.’ मी विचारलं, म्हणजे काय? तर उठून बांधीत गेली.

गावातले लोक म्हणतात, ‘पोरीच्या हाती इमान देल्लं त असंच होईन.’ तिचा मामा म्हणतो, विमानच जुनं असेल, इंजिन बंद पडलं असेल, तुम्ही संस्थेवर केस करा. आता संस्थेचं पत्र आलं आहे की पंधरा दिवसांत हजर व्हा. नाक दाबलं म्हणजे काय? चूक कोणाची? विमानाचे पैसे आमच्याकडून घेतील का? तिला परत पाठवावं की नाही? विमानाचा फोटो सोबत पाठवतो.
– एक वडील, आमगाव तालुका, जि. गोंदिया

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि फोटो भिंगाखाली धरून पाहिला. २८ वर्षं मी पोरापोरींना विमान उतरवायला शिकवलं. आता तुमसर तालुक्यात घरचं धान बघतो. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुमच्या मुलीचं आहे. ती तीन शब्द बोलली आणि त्यात जवळजवळ सगळं सांगून मोकळी झाली. ते तीन शब्द आधी उलगडतो, पैशांचं आणि पत्राचं मागून बघू.

तुमच्या जिल्ह्यात सारस आहेत. महाराष्ट्रातले उरलेले सारस मुख्यतः तुमच्याकडेच आहेत, तेव्हा तुम्ही तो बांधीत उतरताना पाहिला असेल. माणसाएवढा उंच पक्षी, पण उतरताना आपटत नाही. बांधीजवळ आला की छाती वर घेतो, पंख पसरून हवा अडवतो, पाय खाली सोडतो आणि वेग मरेपर्यंत पाण्यावर तसाच तरंगतो. मग दोन-चार पावलं धावतो आणि थांबतो. विमान उतरवणं ते हेच. धावपट्टी जवळ आली की वैमानिक इंजिनाची ताकद काढून घेतो आणि नाक हळूहळू वर उचलत राहतो. विमानाला अजून उडायचं असतं, वैमानिक त्याला जमिनीच्या हातभर वर धरून ठेवतो. वेग मरतो, पंखांची ताकद संपते आणि मागची दोन चाकं आधी टेकतात. पुढचं चाक सगळ्यात शेवटी, सावकाश. या नाक उचलण्याला आम्ही फ्लेअर म्हणतो.

फोटोतलं विमान सेसना १७२ आहे. या विमानाची मागची दोन चाकं पोलादी दांड्यांवर बसवलेली असतात. ते दांडे स्प्रिंगसारखे वाकतात आणि धक्का पचवतात. शिकाऊ पोरांचे जड हात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहेत. पुढच्या चाकाचं तसं नाही. ते एका नळीवर उभं असतं आणि ती नळी इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्याला जोडलेली असते. विमानाचा भार पहिल्या दणक्याला त्याच्यावर यावा, अशी त्याची बांधणीच नाही.

आता त्या सकाळी काय झालं ते बघू. वेग ६५ नॉट हवा होता, म्हणजे ताशी साधारण १२० किलोमीटर. तिचा होता ७८. तुम्ही म्हणाल, तेरा नॉटनं एवढं काय बिघडतं? वेगात वाढ २० टक्क्यांची आहे, पण पंखांची उचल वेगाच्या वर्गानं वाढते. १.२ गुणिले १.२, म्हणजे १.४४. त्याच कोनात पंख ४४ टक्के जास्त उचल देतात. विमान खाली बसायला तयारच नव्हतं. त्यात जमिनीच्या अगदी जवळ आलं की पंखांखालची हवा विमानाला आणखी तोलून धरते. सेसनाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११ मीटर आहेत. त्याहून कमी उंचीवर हा परिणाम जाणवू लागतो, जमिनीलगत तो जोरदार असतो. विमान तरंगतच राहतं आणि धावपट्टी खालून सरकत जाते.

आणि एकटेपणा. हा शब्द मी मनाच्या अर्थानं वापरत नाही, वजनाच्या अर्थानं वापरतो. शेजारच्या खुर्चीतला शिक्षक उतरला की विमान सत्तर-ऐंशी किलोंनी हलकं होतं. हजार-अकराशे किलोंच्या विमानात तेवढा फरक हाताला लगेच कळतो. पहिल्या काही सोलो उड्डाणांत प्रत्येक पोर हेच सांगतं, ‘सर, ते खाली येतच नव्हतं.’

उन्हाचंही ऐका. तापली हवा पातळ होते. काटा ६५ दाखवत असला तरी चाळीस डिग्रीला, आपल्यासारख्या समुद्रसपाटीपासून हजार फुटांवरच्या पट्टीवर, खरा वेग त्याहून सहा-सात टक्के जास्त असतो. शिवाय अकराच्या सुमारास नांगरलेल्या काळ्या जमिनीवरून आणि डांबरी पट्टीवरून गरम हवेचे लोट उठायला लागतात. धुऱ्यावर उभं राहिलं की समोरचं झाड हलताना दिसतं ना, तीच हवा. हलक्या विमानाला ती खालून ढोसते. उन्हाळ्यात नवशिक्यांची सोलो उड्डाणं सकाळी नऊच्या आत आटपावीत, असं माझं ठाम मत आहे आणि मी शिकवत होतो तोवर ते पाळलं. त्या दिवशी तिला अकरा वाजता का सोडलं, हा प्रश्न संस्थेला विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. भांडायला म्हणून विचारू नका, पण विचारा.

पहिल्यांदा आपटलं ते असं. वेग जास्त, विमान तरंगतंय, धावपट्टी संपत चाललीय. अशा वेळी माणसाला वाटतं, दाबून बसवावं. विमानाचं स्टिअरिंग, त्याला योक म्हणतात, पुढे ढकललं की नाक खाली जातं. तिनं ते ढकललं असणार. मग पुढचं चाक आधी लागलं. ते लागलं की नाक उसळी मारून वर जातं, नाक वर गेलं की पंखांना आणखी उचल मिळते आणि विमान पुन्हा आठ-दहा फूट हवेत. याला बाउन्स म्हणतात. समोर नुसतं आभाळ दिसतं, जीव घाबरा होतो आणि हात आपोआप योक पुन्हा पुढे ढकलतो. विमान लगेच ऐकत नाही, क्षणभर उशिरा ऐकतं. तोवर ते स्वतःच खाली यायला लागलेलं असतं, त्यात तिचा धक्का मिळतो आणि नाक पहिल्यापेक्षा जोरात आपटतं. दुसरी उसळी पहिलीपेक्षा वाईट, तिसरी दुसरीपेक्षा. पाण्यात वरखाली सूर मारत जाणारा एक समुद्री जीव आहे, त्याच्यावरून या चालीला पॉरपॉइझ हे नाव पडलं. तिसऱ्या आपटीला पुढचं चाक जाणं हे आमच्या धंद्यात ठरलेलंच आहे.

तर ‘मी नाक दाबलं’ म्हणजे हे. पहिली उसळी कोणाचीही होते. माझ्या झाल्या, माझ्या शिक्षकांच्या झाल्या. उसळी आली की योक पुढे ढकलायचा नाही. नाक जिथं हवं तिथं धरून ठेवायचं आणि उजव्या हातानं थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा, पूर्ण आत ढकलून पुन्हा वर निघून जायचं. एक फेरी मारून परत यायचं. याला गो-अराउंड म्हणतात. पेट्रोल जास्त जळतं आणि दहा मिनिटं जातात, एवढंच नुकसान. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं. हातात यायला मात्र वेळ लागतो, कारण जमीन जवळ दिसत असताना तिच्यापासून पुन्हा दूर जाणं मनाला पटत नाही. मी पोरांना म्हणायचो, उतरायला नंतर शिका, आधी न उतरता परत जायला शिका.

मामांना सांगा, इंजिन बंद पडलं नव्हतं. मी हे घरी बसून कसं सांगतो? फोटोत विमानाच्या नाकावरच्या पंख्याची खालची पाती बघा. मध्यापासून मागे वळली आहे, दोन्ही पात्यांची टोकं खरवडून पांढरी झाली आहेत. फिरणारा पंखा जमिनीला लागल्याशिवाय दोन्ही पाती अशी खरवडत नाहीत. आणि पाती मागे वळली आहेत. इंजिन पूर्ण ताकदीवर असताना पंखा जमिनीला लागला तर टोकं सहसा पुढच्या बाजूला वळतात. इंजिन मंद चालत असेल तर मागे. म्हणजे चाक मोडलं त्या क्षणी इंजिन चालू होतं, पण मंद. तिनं थ्रॉटल ढकललं नव्हतं. तिच्या वाक्याचा हा उरलेला अर्धा भाग आहे. तो ती अजून बोललेली नाही.

पाती वाचायला मी कसा शिकलो, ते सांगतो. १९८४ चा डिसेंबर. माझे तेव्हा उड्डाणाचे २२ तास झाले होते. थंडीची सकाळ, आरशासारखी हवा. मी असाच वेगात आलो, असंच नाक दाबलं. दोन उसळ्या, पुढच्या चाकाचा दांडा वाकला, पंखा डांबराला लागला. लोक धावत आले. मी खाली उतरलो आणि पहिलं वाक्य बोललो, ‘अचानक वाऱ्याचा झोत आला.’ अहवालातही तेच लिहिलं. संध्याकाळी हँगरमध्ये एक म्हातारे इंजिनिअर होते. चाळीस वर्षं विमानांच्या तेलात हात काळे झालेले. त्यांनी मला बोलावलं, माझा हात धरून वाकलेल्या पात्यावरून फिरवला. पाती थंड होती, कडेला बोटाला टोचेल असा चरा पडला होता. ते म्हणाले, ‘बेटा, वाऱ्याला हे असं करता येत नाही.’ पुढे एक शब्द बोलले नाहीत. कापडानं हात पुसले आणि निघून गेले. मी रात्री खोलीवर जाऊन अहवाल पुन्हा लिहिला. त्यात ‘मी’ हा शब्द लिहायला मला पहाटेचे तीन वाजले.

भाऊ, मला जे पहाटे तीनला जमलं, ते तुमची मुलगी धुऱ्यावर बसून स्वतःहून बोलली. वारा, ऊन, विमान, शिक्षक, कोणाचंच नाव तिनं घेतलं नाही. खरं तर उन्हाचं नाव घेण्याइतकं कारण तिच्याकडे होतं. शिकवताना मी अनेकांना सोलोवरून परत बसवलं. पण चूक आपल्या तोंडानं सांगणाऱ्या पोराला मी कधी घरी पाठवलं नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. तिची तयारी असेल तर तिला पाठवा.

आता बाकीच्या गोष्टी.

दारूच्या तपासणीचा राग धरू नका. अपघातानंतर वैमानिकाची ही तपासणी नियमानं करावीच लागते, मग तो शिकाऊ असो की तीस वर्षांचा कॅप्टन. श्वासात मद्य आहे का, हे उड्डाणाआधीही तपासतात. तिनं ती नळी आधी कितीदा तरी फुंकली असेल, घरी सांगितलं नसेल इतकंच. तिच्या आईला हे आजच सांगा. त्या कागदावर ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं असेल, त्याची प्रत मागून घरी ठेवा. गावात कोणी कुजबुजलं तर दाखवायला होईल.

चौकशीबद्दल. विमानाच्या सांगाड्याला मोठा मार बसला असेल तर ते प्रकरण दिल्लीच्या विमान अपघात अन्वेषण ब्युरोकडे जातं. २०१२ साली तो स्थापन झाला. अपघात-तपासाच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, कोणावर दोष किंवा जबाबदारी टाकणं हा नाही. तिला जबाब विचारतील. तिनं जे झालं ते, जसं झालं तसं, तिच्या शब्दांत सांगावं. कोणी ‘वाऱ्याचं लिहून टाक’ असं सुचवलं तर ऐकू नये. एका कठीण लँडिंगमुळे शिकाऊ वैमानिकाची कारकीर्द संपत नाही. खोट्या जबाबानं संपू शकते.

पैशांबद्दल मी अंदाज बांधणार नाही. प्रवेशाच्या वेळी तुम्ही सही केलेला करार काढा. त्यात विम्याचं कलम असेल. नुकसान झालं तर विम्यातून किती आणि विद्यार्थ्याकडून काही घेणार का, ते तिथं लिहिलेलं असतं. इंग्रजी जड वाटलं तर आमगावच्या किंवा गोंदियाच्या वकिलाकडून ओळ न्‌ ओळ समजून घ्या आणि मगच संस्थेला पत्र लिहा. पैशांबाबत तोंडी कबुली कशाचीच देऊ नका. खर्चाचा आकडा मोठा दिसला तर दचकू नका. पंखा जमिनीला लागला की पंखा बदलून भागत नाही. चालू इंजिनाला एकदम झटका बसलेला असतो, म्हणून पूर्ण इंजिन उघडून आतला क्रँकशाफ्ट, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, तपासावा लागतो. आकडा त्यामुळे फुगतो. तिच्या हातून किती मोठी चूक झाली, याचं माप त्यावरून काढू नका.

गावच्या बोलण्याला मी एवढंच म्हणेन की १९३६ साली सरला ठकराल यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीनं उडवलं. तेव्हा त्या २१ वर्षांच्या होत्या, तुमच्या मुलीहून एका वर्षानं मोठ्या. आज आपल्या देशात वैमानिकांमध्ये सुमारे १५ टक्के बायका आहेत. जगाची सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे या कामात आपल्या पोरी जगाच्या पुढे आहेत. उसळी मारणाऱ्या विमानाला योकवर बाईचा हात आहे की बाप्याचा, हे कळत नाही. माझ्या हातून मोडलं, ते तुम्ही वर वाचलंच.

परत पाठवताना दोन गोष्टी बघा. पहिली, पत्रात तिची पुढची उड्डाणं शिक्षकाबरोबर आहेत ना? तिला लगेच एकटीला सोडता कामा नये. शिक्षकाबरोबर आधी वर जाऊन, मग जमिनीलगत, उसळीनंतरचं गो-अराउंड पुन्हा पुन्हा करून घ्यायला हवं. तिचा हात विचार न करता थ्रॉटलवर पुढे जाईपर्यंत. त्यासाठी जादा तास लागतील, त्याचे पैसे लागतील, त्याची तयारी ठेवा. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी उड्डाणाचे एकूण २०० तास पूर्ण करावे लागतात. हे तास त्यात धरले जातील का, हे तिच्याकडून विचारून घ्या.

दुसरी तिच्या झोपेची. रात्री दचकून उठते का, हे तिच्या आईला विचारा. दोन महिने होऊनही झोप येत नसेल, अंगाला कापरं भरत असेल, तर गोंदियाला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे घेऊन जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणून देऊ नका. बऱ्याच गोळ्या चालू असताना विमान उडवता येत नाही. ती वैमानिकाचं शिक्षण घेते आहे हे डॉक्टरला आधी सांगा, आणि विमान विभागाच्या वैद्यकीय तपासणीत हे लपवू नका. आणि खांदा एकदा हाडांच्या डॉक्टरला दाखवा. पट्ट्याचा झटका मानेत जाऊन बसतो, तरुणपणी कळत नाही. मला कळला पंचेचाळिशीत.

लॉगबुक कोठीतून काढून तिच्या हातात आणून देऊ नका. तिथं ते तिनं ठेवलंय, काढेलही तीच. तांदूळ काढताना आईनं ते बाजूला सारून पुन्हा जागेवर ठेवावं. पानांना टोका लागू नये म्हणून फार तर प्लास्टिकच्या पिशवीत घालावं.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा रोवणी संपत आलेली असेल आणि पत्राची मुदतही जवळ आली असेल. एक दिवस धुऱ्यावर न्याहारी करताना, बिरसीचं विमान वरून जात असताना, तिला ‘जातेस का’ असं विचारू नका. तिला हे विचारा, ‘बाई, दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा तुझा उजवा हात कुठे होता?’ एवढंच. हा प्रश्न तिला अजून कोणी विचारलेला नसेल. विचारला असेल तर कागदावर विचारला असेल. ती आधी तुमच्याकडे बघेल, बाबांना हे कसं माहीत म्हणून. मग बहुतेक हातानं दाखवायला लागेल, शिदोरीच्या डब्याचं झाकण थ्रॉटल म्हणून पुढे धरून. ती दाखवत असेल तोवर मधे बोलू नका. बांधीतल्या बायांनी हाक मारली तरी उठू नका.